सर्व्हर भारतात आणला म्हणजे सुटलो का?

मिरजेतील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा येथे देत आहे.

या भगिनींचे माहेर सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे आहे. त्या स्वतः गायन आणि सतार शिकवतात. कोविडच्या काळात वर्ग ऑनलाइन सुरू झाले आणि तसेच वाढत गेले. आज त्यांच्याकडे सांगली, कोल्हापूर, पुणे येथील विद्यार्थ्यांबरोबरच जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही शिकतात. थेट वर्गांखेरीज आधीच ध्वनिचित्रमुद्रित (रेकॉर्ड) केलेल्या धड्यांचा एक अभ्यासक्रमही त्या विकतात. प्रवेश अर्जात मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा, छायाचित्र आणि आईवडिलांचे फोन क्रमांक घेतले जातात. मुलांच्या रियाजाच्या चित्रफितींसह हे सारे एका परदेशी कंपनीच्या क्लाउडवर साठवलेले आहे.

अलीकडे दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. वर्ग सोडून गेलेल्या एका मुलाच्या जर्मनीतील पालकांनी, आमच्या मुलाची माहिती नेमकी कुठे ठेवली आहे ते कळवा आणि ती काढून टाका, असे लेखी कळवले. त्याच सुमारास ‘मानापमान’ नाटकातील एका पदावरचा धडा स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे जर्मनीत दिसेनासा झाला. नाटक शंभर वर्षांहून जुने असताना दावा कसला, हे त्यांना उमगत नाही. हिशेब पाहणारे थोरले बंधू म्हणतात की परदेशातील विद्यार्थी बंद करा, आणि ते जमणार नसेल तर निदान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा. संगणक जाणणारा भाचा म्हणतो की सगळा डेटा भारतातल्या सर्व्हरवर हलवला की परदेशी कायद्यांचा संबंधच संपतो, आणि एवढ्या छोट्या वर्गाकडे बघायला कोणाला वेळ आहे? भगिनींचा प्रश्न असा : सर्व्हर भारतात आणला तर मी सुरक्षित होईन का, की परदेशी विद्यार्थी घेणे थांबवू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येण्यापूर्वी तारखेला बांधलेले एक काम हातावेगळे करू. त्या पालकांच्या पत्राला येऊन तीन आठवडे झाले, असे तुम्ही लिहिले आहे. युरोपीय संघाची जीडीपीआर ही डेटा संरक्षण नियमावली २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार अशा विनंतीला एका महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसे कळवणेही पहिल्या महिन्यातच व्हावे लागते. म्हणून उत्तर याच आठवड्यात द्या. त्यात चार गोष्टी साध्या इंग्रजीत लिहा : मुलाची कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणत्या कंपनीच्या क्लाउडवर आणि कोणत्या देशात आहे, त्यातली कोणती पुसली, आणि कोणती का ठेवली. पावत्या आणि जमाखर्चाच्या नोंदी करकायद्यामुळे ठेवाव्या लागत असतील तर त्या पुसण्याची सक्ती ही नियमावलीही करत नाही. तेवढे कारण नमूद करा. बाकीची माहिती पुसताना ती फक्त क्लाउडवरून पुसून थांबू नका. मोबाइलची गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅपचा गट, सहायिकेच्या लॅपटॉपवरील प्रत आणि क्लाउडची कचरापेटी, सगळे तपासा. पत्राचा सूर तुम्हाला अविश्वासाचा वाटला, हे मी समजू शकते. परंतु हा त्यांना कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो बजावताना कारण सांगण्याचेही बंधन त्यांच्यावर नाही. तुमच्या शिकवण्याबद्दल त्यांनी एक अक्षरही वावगे लिहिलेले नाही, हे पत्र पुन्हा वाचलेत तर दिसेल.

आता सर्व्हरचा प्रश्न. भाच्याच्या म्हणण्यामागे एक गृहीतक आहे की डेटा ज्या भूमीवर पडून आहे त्या भूमीचा कायदा त्याला लागतो, आणि तेवढाच लागतो. आपल्याकडे हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जाई, तेव्हा पेव कोणाच्या जमिनीत आहे यावरून हळदीची मालकी ठरत नसे. माहितीचेही तसेच आहे. जीडीपीआर पाहते ती माहिती कोणाची आहे आणि तुम्ही कोणाला सेवा देऊ करत आहात हे. तुमचे संकेतस्थळ जर्मनीत उघडते एवढ्यावरून ती लागू होत नाही. पण तुम्ही शुल्क युरोमध्ये लावले आहे आणि बर्लिनच्या घड्याळाप्रमाणे शनिवारची खास तुकडी ठेवली आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना सेवा देण्याचा तुमचा हेतू स्पष्ट होतो. असा हेतू दिसला की सर्व्हर मिरजेत असो वा मुंबईत, ती नियमावली तुमच्या पाठोपाठ येते.

दुसरे असे की भारतात असलेला सर्व्हर हा बहुधा परदेशी कंपनीचाच असतो. मोठ्या अमेरिकी क्लाउड कंपन्यांची डेटा केंद्रे मुंबई आणि हैदराबाद परिसरात आहेत. अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या क्लाउड अ‍ॅक्टनुसार तिथल्या कंपनीच्या ताब्यातील डेटा जगात कुठेही असला तरी अमेरिकी यंत्रणा तो कायदेशीर आदेशाने मागू शकतात. म्हणजे सेटिंगमध्ये प्रदेश ‘भारत’ निवडल्याने इतर देशांचे हात आपोआप आखूड होत नाहीत. तुमच्या वर्गाची माहिती कोणी अमेरिकी यंत्रणा मागेल अशी शक्यता जवळजवळ शून्य आहे. हे सांगितले ते हलवाहलवीत पैसे घालण्याआधी तिच्यातून काय मिळणार आणि काय नाही, याचा हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून.

मग ‘डेटा भारतातच ठेवायचा’ हे भाच्याने कुठे ऐकले? त्याने ऐकले ते खरे आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंट व्यवस्थेचा डेटा भारतातच साठवण्याची सक्ती केली. ती न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे भारतीय ग्राहक घेण्यास मनाईही केली आणि पुढे ती उठवली. ही सक्ती पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांवर आहे, फी घेणाऱ्या शिक्षिकेवर नाही. तुमच्यावर त्या दिशेने येणारे एक बंधन मात्र आहे : ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. एखाद्या पालकाने घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो पाठवला असेल तर तो आजच पुसा.

सर्वसाधारण वैयक्तिक माहितीसाठी आपला स्वतःचा कायदा आहे तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याच्या कलम १६ नुसार केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध अधिसूचित करील ते वगळता माहिती परदेशात पाठवण्यास मुभा आहे. म्हणजे सरसकट सगळे भारतातच ठेवा, असे हा कायदा म्हणत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळण्यासाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत दिली गेली. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून अनेकांची झोप उडते, तेव्हा ‘कमाल’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. चुकीचे स्वरूप, तिचा परिणाम आणि ती सुधारण्यासाठी केलेले प्रयत्न पाहून दंड ठरवायचा आहे.

परदेशी क्लाउड नकोच, सगळे घरातल्या हार्ड डिस्कवर आणते, असा एक विचार तुमच्या पत्रात ओझरता आला आहे. तो कृपया सोडून द्या. कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये काय केले ते मिरजेत राहणाऱ्याला मी सांगायला नको. एकमेव प्रत घरात ठेवणे ही माहितीची सुरक्षितता नव्हे, आणि आपला कायदा मागतो ती सुरक्षितताच.

तेव्हा माहिती ‘कुठे ठेवू’ याआधी ‘ठेवू का’ हे विचारा. सतार शिकवण्यासाठी मुलाच्या शाळेचे नाव कशाला लागते? पूर्ण जन्मतारखेऐवजी वयोगट पुरणार नाही का? छायाचित्र तर कॅमेऱ्यासमोर मूल रोज दिसत असताना कोणत्याच कामाचे नाही. असे अर्ज आपण बहुधा कोणत्या तरी शाळेच्या जुन्या नमुन्यावरून करतो आणि रकाने तसेच राहतात. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही, तिच्याबद्दल पत्र येत नाही आणि ती पुसण्याचे कामही उरत नाही. रियाजाच्या चित्रफिती दुरुस्त्या सांगून झाल्यावर, समजा सत्र संपल्यानंतर तीन महिन्यांनी, पुसल्या जातील असा नियम करा आणि तो अर्जावरच छापा. एखाद्या मुलाची चित्रफीत जाहिरातीत वापरायची असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्या. प्रवेशाच्या संमतीत ती गुपचूप घालू नका.

मुलांच्या बाबतीत देशोदेशींच्या वयोमर्यादा वेगळ्या आहेत. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये ऑनलाइन सेवेसाठी मूल सोळाव्या वर्षी स्वतः संमती देऊ शकते, तर आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याच कायद्याने मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर निर्बंध घातले आहेत. येथे देशागणिक वेगळे अर्ज काढत बसू नका. अठरा वर्षांखालील सर्वांसाठी पालकांची संमती घ्या, म्हणजे सगळ्यात कडक नियम पाळला जाईल आणि इतर आपोआप पाळले जातील. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय आपल्या कायद्याने ठेवली आहे. तेव्हा ती सूचना चांगल्या मराठीत लिहा. परदेशातील मराठी पालकांनाही ती आवडेल, सोबत इंग्रजी प्रत असू द्या.

आता ‘मानापमान’कडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात जास्त त्रागा तिथे आहे आणि घोटाळाही तिथेच आहे. नाटक जुने म्हणून सारे मुक्त, हे तुमचे गृहीतक एका थरापुरते बरोबर आहे. एका नाट्यपदात मात्र किमान तीन थर असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगळे असू शकतात, तिघांची मुदत वेगळी असते आणि ती मुदत प्रत्येक देश आपल्या पद्धतीने मोजतो.

‘मानापमान’ रंगमंचावर आले १९११ मध्ये. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. ते सांगलीचेच आणि त्यांचे निधन १९४८ मध्ये झाले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आहे. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेरीस संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीच्या निमित्ताने साऱ्या देशाची मुदत बदलली, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. या हिशेबाने खाडिलकरांचे शब्द २००८ च्या अखेरीस मुक्त झाले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांचे निधन १९५५ चे, म्हणून चाली २०१५ च्या अखेरीस मुक्त झाल्या. युरोपीय संघात मृत्यूनंतर सत्तर वर्षांची मुदत आहे, तरी बाहेरच्या देशातील कृतीला तिच्या मायदेशातील मुदतीपेक्षा जास्त संरक्षण तिथे साधारणतः देत नाहीत. तेव्हा शब्द आणि चाल या दोन थरांवर तुम्ही निर्धास्त राहा.

दावा आला तो तिसऱ्या थरावर. तुम्हीच लिहिले आहे की धड्यात १९८५ च्या एका कॅसेटमधले दोन मिनिटांचे गायन घेतले आहे. ध्वनिमुद्रणाची मुदत आपल्याकडे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे आहे, म्हणजे ही कॅसेट २०४५ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. भारतात धडा दिसतो आणि जर्मनीत दिसत नाही, याचा अर्थ भारतात तुम्हाला हक्क आहे असा नव्हे. दावा करणाऱ्याने कोणत्या देशात काय करायचे ते निवडलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

आजोबांच्या संग्रहातील १९३५ च्या तबकडीचे तुम्ही विचारले आहे. तिचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतात तिची मुदत केव्हाच संपली आहे. युरोपीय संघात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे मुक्त आहेत, कारण पन्नासाची सत्तर वर्षे केली तेव्हा मुदत आधीच संपलेल्या मुद्रणांना वाढ मिळाली नाही. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ या काळातील मुद्रणांना प्रसिद्धीपासून शंभर वर्षांचे संरक्षण दिले, म्हणजे हीच तबकडी तिथे २०३५ अखेरपर्यंत बंद. तबकडी एकच आणि ती मिरजेच्या घरातली, तरी सांगलीच्या मुलाला तो धडा ऐकवता येतो, बर्लिनच्या मुलाला येतो आणि न्यू जर्सीच्या मुलाला ऐकवताना विचार करावा लागतो. मुद्रण वापरायचेच असेल तर घरच्या तबकडीवरून स्वतः उतरवून घ्या. एखाद्या कंपनीने स्वच्छ करून नव्याने काढलेल्या सीडीवरून घेतलेत तर नव्या वादाला तोंड फुटू शकते.

‘पण मी तर शिकवते आहे’, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त त्याच्या मर्यादा सांगते. आपल्या कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सवलत देते, आणि दिल्ली विद्यापीठाजवळील झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. परंतु तो खटला वर्गातल्या अभ्यासपुस्तिकांचा होता. सर्वांना विकत मिळणाऱ्या मुद्रित अभ्यासक्रमाला ती सवलत पोचेलच, यावर मी तरी विसंबणार नाही. युरोपात तर २०१९ च्या निर्देशानुसार ही सवलत शिक्षणसंस्थांच्या विनानफा वापरापुरती आहे, आणि तुमचा सशुल्क खाजगी वर्ग त्यात बसवणे अवघड आहे. थेट वर्गात उदाहरण म्हणून दोन ओळी ऐकवणे आणि त्याच ओळी कायमच्या विक्रीच्या धड्यात टाकणे, या दोहोंत कायदा फरक करतो. तो मला रास्तही वाटतो.

धडे जिथे ठेवले आहेत त्या ऑनलाइन व्यासपीठाने पाठवलेला दावा म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हेही लक्षात असू द्या. ध्वनीचे ठसे जुळवणारी यंत्रणा तो आपोआप काढते आणि ती चुकतेही, विशेषतः रागसंगीतात, जिथे दोन गायकांची तीच बंदिश यंत्राला एकच वाटू शकते. उद्या तुमच्या स्वतःच्या गाण्यावर असा दावा आला तर बेलाशक आक्षेप नोंदवा. कॅसेटच्या तुकड्यावर मात्र आक्षेप नोंदवू नका, कारण तिथे दावा खरा आहे आणि खोटा आक्षेप तुमचे खाते धोक्यात आणील.

या सगळ्या गुंत्यावर तुमच्या हातात असा तोडगा आहे जो कोणा वकिलाकडे नाही : ते पद तुम्ही स्वतः गा. शब्द मुक्त आहेत, चाल मुक्त आहे, गळा तुमचा आणि मुद्रण तुमचे. मग त्या मुद्रणाच्या मालक तुम्हीच, इथे आणि बर्लिनमध्येही. पेटी आणि तबला वाजवणाऱ्या साथीदारांकडून दोन ओळींची लेखी संमती आणि मानधनाची पावती मात्र घ्या. घरच्यासारखे आहेत म्हणून हे राहून जाते आणि पुढे कटुता येते. जुन्या गायकाची गायकी ऐकवायची असेल तर अधिकृत मुद्रणाचा दुवा द्या आणि मुलांना तिथे जाऊन ऐकू द्या. बंदिशींबाबत एक सावधगिरी हवी. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण बंदिशीला ज्ञात रचनाकार असू शकतो. ‘शिवस्तुती’ या ध्रुपद गायकीच्या डागर परंपरेतील रचनेच्या स्वामित्वहक्काच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयात एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी दिलेला अंतरिम आदेश सप्टेंबरमध्ये खंडपीठाने रद्द केला. न्यायालयातच दोन मते असताना आपण हयात किंवा अलीकडच्या रचनाकारांची नवी बंदिश विक्रीच्या धड्यात विचारल्याशिवाय घेऊ नये. फोन करून विचारले तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, असा या क्षेत्रातला अनुभव आहे.

अवांतर म्हणून एक सांगते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळालेले भौगोलिक मानांकनही भारतापुरतेच आहे. परदेशात त्या नावाला संरक्षण हवे असेल तर त्या त्या देशात वेगळी नोंदणी लागते. तुमच्या माहेरच्यांच्या कानावर हे घाला.

कराच्या बाबतीत मी फार खोलात जात नाही, कारण तुमची उलाढाल पाहूनच सनदी लेखापाल नेमके सांगू शकतील. पण बंधूंच्या सूचनेतील एक धोका आधीच दाखवते. कला आणि संस्कृतीचे छंदविषयक प्रशिक्षण एखादी व्यक्ती देत असेल तर त्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. जुलै २०२२ च्या बदलानंतर ही सूट व्यक्तीपुरतीच उरली आहे. प्रतिष्ठेसाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलीत तर भारतातील विद्यार्थ्यांच्या शुल्कावरची ही सूट हातची जाण्याची शक्यता आहे. शिवाय कंपनीला हिशेबाच्या वह्यांची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधनही लागू होते, जे आज तुमच्यावर नाही. मुद्रित धड्यांना ती सूट लागते का, आणि परदेशातून येणारे शुल्क सेवेची निर्यात म्हणून शून्य दराने दाखवता येते का, हे दोन प्रश्न कागदावर लिहून लेखापालांकडे न्या.

युरोपातला कर ही खरी अडचण आहे. आधीच मुद्रित केलेला अभ्यासक्रम तिथल्या घरगुती ग्राहकाला विकला की त्या ग्राहकाच्या देशाचा मूल्यवर्धित कर लागतो, आणि संघाबाहेरच्या विक्रेत्याला त्यात किमान मर्यादेची सवलत नाही, पहिल्या युरोपासून तो लागतो. जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन थेट वर्गांचाही कर ग्राहकाच्या देशात मोजण्याकडे नियम वळले आहेत. शिकवणीला कुठे किती सूट आहे, ते देशागणिक बदलते. सोय अशी की संघातील एकाच देशात नोंदणी करून सर्व देशांचा कर तिमाही भरता येतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ज्या व्यासपीठाच्या नावाने ग्राहकाला पावती जाते आणि जे स्वतः हा कर भरते, अशा ठिकाणी अभ्यासक्रम ठेवणे. व्यासपीठ निवडताना कमिशनचा दर नंतर पाहा. आधी विचारा की पावतीवर विक्रेता कोण असेल आणि कर कोण भरील. अमेरिकेत विक्रीकर राज्याराज्यांचा आहे आणि दूरच्या विक्रेत्याला तो लागू होण्याच्या मर्यादा सामान्यतः लाख डॉलरच्या घरात असतात. तिकडची चिंता तूर्त करू नका.

‘एवढ्या छोट्या वर्गाकडे कोण बघतो’, हे भाच्याचे वाक्य व्यवहारात बऱ्याच अंशी खरे आहे, आणि मी ते खोडून काढणार नाही. नियामक तुमच्या दारात येण्याची शक्यता कमीच आहे. पण तुमच्याकडे पाहिले ते नियामकाने नव्हेच. एकदा एका पालकाने पाहिले आणि एकदा एका यंत्राने. छोट्या व्यावसायिकाला कायदा भेटतो तो बहुधा असाच, ग्राहकाच्या पत्रातून किंवा व्यासपीठाच्या सूचनेतून, आणि तिथे तुम्ही लहान आहात म्हणून कोणी थांबत नाही. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण कोणत्या देशातून इंटरनेट वापरतो ते लपवून, धडा जर्मनीत दाखवण्याची युक्ती तर पूर्ण सोडून द्या. दावा खरा असताना ती वापरली तर अनवधान संपून हेतू सुरू होतो.

मग परदेशी विद्यार्थी बंद करावेत का? माझे मत, नाही. पण सगळे आहे तसे चालू ठेवणेही बरोबर नाही. अमेरिकेतील थेट वर्ग बिनधास्त चालू ठेवा. युरोपातील थेट वर्ग सुधारलेल्या अर्जावर चालू ठेवा. तिथे तुकडी नियमित असल्यामुळे संघात एक प्रतिनिधी नेमण्याच्या जीडीपीआरमधील कलम २७ चा विचार करावा लागेल. त्याची वार्षिक फी आणि त्या तुकडीचे उत्पन्न शेजारी शेजारी लिहून पाहा. आठ-दहा मुलांच्या शुल्कात तो खर्च बसत नसेल तर बंधूंचे म्हणणे तेवढ्या तुकडीपुरते बरोबर ठरेल, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. मुद्रित अभ्यासक्रमाची युरोपातील विक्री मात्र कर भरणारे व्यासपीठ मिळेपर्यंत थांबवा आणि ज्यांनी आधीच घेतला आहे त्यांचे काय करायचे ते लेखापालांना विचारा.

डेटा सध्या आहे त्याच क्लाउडवर राहू द्या, पण खात्याला दोन टप्प्यांचा पासवर्ड लावा. सहायिकेला फक्त तिच्या तुकडीची फाइल दिसेल अशी सोय करा आणि सोडून गेलेल्या मुलांच्या फाइली आधी निकालात काढा. भाच्याला सर्व्हर हलवण्याऐवजी हे काम द्या. त्याची हौसही भागेल आणि दोन रविवारांत ते पूर्णही होईल. नव्या सत्राचे अर्ज तुम्ही दसऱ्याला काढता, असे पत्रात आहे. तोवर अर्जातले रकाने कमी झालेले असावेत, आणि नाट्यपदाचा धडा तुमच्या आवाजात मुद्रित झालेला असावा.